अढाऊ बंधूंची तहकूब सभा

गुलाबराव अढाऊंच्या स्कूटरच्या डिकीत बाराही महिने रंगाचा डबा असतो. काळा ऑइलपेंट, दोन ब्रश, टर्पेंटाइनचा वास मारणारी चिंधी आणि एक लाकडी फूटपट्टी. टायर पंक्चर झालं तर ते स्कूटर ढकलत नेतील, पण या डब्याशिवाय अमरावतीबाहेर पडणार नाहीत. नवा माणूस त्यांना पेंटर समजतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दर्यापूरकडच्या एका गावात गेले होते. डिकीतून डबा काढतात न काढतात, तोच एका बाईंनी त्यांना बैलांची शिंगं रंगवणारा समजून थेट गोठ्यात नेलं. गुलाबरावांनी हरकत घेतली नाही. त्यांना गोठ्यातच जायचं होतं. एका शेतकरी उत्पादक कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कागदोपत्री तो गोठाच होता. तासाभरानं बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा बैल होते तसेच होते आणि भिंतीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलेलं होतं.

"अवो, हे काय लिहून ठेवलं माह्या भितीवर?"

"कलम बारा," गुलाबराव ब्रश पुसत म्हणाले. "कंपनीचं नाव दाराबाहेर, वाचता येईन अशा अक्षरात, इथल्या भाषेत. तुमच्या मालकाले विचारा. अध्यक्ष हायेत ते."

"ते? अन् कायचे अध्यक्ष?"

नवरा कंपनीचा अध्यक्ष आहे हे त्या बाईंना त्या दिवशी कळलं. पुढे घरात काय झालं ते आम्हाला माहीत नाही. निघताना गुलाबरावांनी बैलांची शिंगंही रंगवून दिली. काळी.

आता हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. मी कंपनी सेक्रेटरी आहे. म्हणजे कुठल्यातरी कंपनीत साहेबांची पत्रं टाईप करते असं बऱ्याच लोकांना वाटतं, माझ्या सासूबाईंना तर अजूनही वाटतं. प्रत्यक्षात माझं काम असं, की जी कंपनी कायद्यानं नोंदली गेली तिनं दरवर्षी सरकारला एक वार्षिक विवरणपत्र द्यायचं असतं, ते वेळेत जातं की नाही हे बघायचं. संचालक कोण, सभासद कोण, सभा कधी झाल्या, पत्ता तोच आहे का. धंदा झालेला असो वा नसो, द्यायचंच. नाही दिलं तर दिवसागणिक दंड चढतो. तीन वर्षं नाही दिलं तर संचालक बाद होतात. आणि तरीही कोणी हललं नाही, तर एक दिवस सरकार कंपनीचं नावच नोंदवहीतून खोडून टाकतं.

वऱ्हाडात अलीकडे गावोगाव शेतकऱ्यांच्या कंपन्या निघाल्या. उद्घाटनाला मंडप, फेटे, फीत कापायला कोणीतरी मोठं माणूस. विवरणपत्राचं नाव काढलं की मात्र दहाच्या दहा संचालक शेतात. त्यांना शेतातून, लग्नातून, तेराव्यातून शोधून सभेला बसवणं हे गुलाबरावांचं काम. ऑफिस मी माझ्या सरांकडून घेतलं, तेव्हा चार खुर्च्या, दोन कपाटं आणि गुलाबराव एकत्रच माझ्याकडे आले. त्याला बारा वर्षं झाली. खुर्च्या बदलल्या.

ते कोणाला नमस्कार करत नाहीत. "आज तारीख काय?" असं विचारतात. समोरचा भाबडेपणानं तारीख सांगतो. वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून गुलाबराव ती तीसमधून वजा करतात आणि म्हणतात, "म्हंजे रायले एकोणीस." सप्टेंबरात त्यांना लांबून येताना पाहून रस्ता बदलणारी प्रतिष्ठित माणसं मी स्वतः पाहिली आहेत. धामणगाव रेल्वे या गावातले एक कापूस व्यापारी तर गोदामात गाठींच्या मागे जाऊन बसले. गुलाबरावांनी बाहेर खुर्ची टाकली आणि सभेची नोटीस मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी दोनला व्यापारी भुकेनं बाहेर आले. गुलाबरावांनी त्यांना आधी जेवू दिलं, मग सही घेतली.

"कंपनी जिवंत हाय, मान्य," ते प्रत्येकाला समजावतात. "पण श्वास दाखवा लागते ना बापा. पेन्शनवाला नोव्हेंबरात हयातीचा दाखला देते का नाही? तो काय म्हणते का, मी चालत आलो मंग दाखला कायले पाह्यजे?"

सभेच्या बाबतीत ते फारच कर्मठ. खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात निम्म्या सभा कागदावरच होतात. चहाच्या टपरीवर रजिस्टर फिरतं, सह्या होतात, सभा खेळीमेळीत पार पडली असं लिहून मोकळं. मीही हे करत आले आहे, त्याबद्दल मला फारसं काही वाटतही नाही. गुलाबराव मात्र तसं करू देत नाहीत. "माणसं बसली पाह्यजेत," ते म्हणतात. "एका खोलीत, एकमेकाचं तोंड दिसन असे." कोरम म्हणजे त्यांच्या लेखी देवघरातला शब्द. परतवाड्याच्या एका सभेत गणपूर्तीला एक माणूस कमी पडत होता आणि जो मोजायचा राहिला होता तो कोपऱ्यात घोरत होता. तो हजर धरायचा का, यावर वाद झाला. गुलाबरावांनी निवाडा दिला, "झोपला तरी हजर. जागा असला पाह्यजे असं कायद्यात कुठी लिवलं?" त्याच गावातले सागवानी फर्निचरवाले इक्बालभाई त्यांना एकदा वैतागून म्हणाले होते, "अढाऊसाब, तुम आदमी हो के कॅलेंडर?" गुलाबरावांनी ते कौतुक समजून घेतलं.

एकदाच मी त्यांना सरकारवर चिडलेलं पाहिलं. छोट्या कंपन्यांना संचालकांच्या वर्षाला चार सभा घ्याव्या लागत, त्या कायद्यानं दोनवर आणल्या. आमचे सगळे पक्षकार खूश. मी पेढे आणले. गुलाबरावांनी पेढा हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चारच्या दोन कायले केल्या? कोनाले तरास होत होता?" तो पेढा संध्याकाळपर्यंत तिथेच होता. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशी होतात.

गुलाबरावांची स्वतःची एक कंपनी होती. अढाऊ बंधू फलरस प्रायव्हेट लिमिटेड, नोंदणीकृत कार्यालय अकोला, संचालक दोन: क्रमांक एक प्रल्हादराव अढाऊ, क्रमांक दोन गुलाबराव अढाऊ. त्या फाइलला ते कोणाला हात लावू देत नसत. विवरणपत्र दरवर्षी सर्वांत आधी त्यांचं जाई आणि आत सगळीकडे शून्य. उत्पादन शून्य, विक्री शून्य, कामगार शून्य. गेल्या उन्हाळ्यात मी निष्क्रिय कंपन्यांची यादी काढली आणि सहज म्हटलं, "गुलाबराव, ही बंद करून टाकू. एक अर्ज केला की झालं. कशाला दरवर्षी हा व्याप?"

त्यांनी फाइल उचलून आपल्या खणात ठेवली. आमच्या ऑफिसात दोन दिवस कोणी तारीख विचारली नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी आपणहून सांगितलं.

वीसेक वर्षांपूर्वी दोघा भावांनी अकोल्यात संत्र्याच्या सरबताचा कारखाना काढला होता. खाली कारखाना, वर जिना चढून गेलं की ऑफिसची खोली. संत्री परतवाड्याहून येत. पहिला माल बाटल्यांत भरून वरच्या खोलीत ठेवला आणि मे महिन्याच्या एका दुपारी बाटल्या एकामागून एक फुटू लागल्या. दोघं भाऊ टेबलाखाली बसून होते. सगळं शांत झाल्यावर मोठ्यानं धाकट्याला विचारलं, "तुनं बुचं बराबर लावली नोयती का?" धाकट्यानं मोठ्याला विचारलं, "तुनं रस टिकायचं औषध मापानं टाकलं का अंदाजानं?" भिंतीवरून सरबत ओघळत होतं. त्यानंतर दोघांत बोलणं नाही. कारखाना गेला, वरची खोली तेवढी राहिली.

"मग सभा कशी होते?" मी विचारलं.

"सभेत बोलतो ना. कायद्यानं बोला लागते. थ्यो अध्यक्ष असते. मी म्हंतो, अध्यक्ष महोदय. थ्यो म्हंते, संचालक क्रमांक दोन."

मी हसले. तेही थोडे हसले. मला तेव्हा हा एक मजेदार किस्सा वाटला आणि मी तो दोन-तीन ठिकाणी सांगितलासुद्धा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मंगळवारची रजा मागितली. बारा वर्षांत स्वतःच्या सभेखेरीज ते सहसा रजा घेत नसत. पुढच्या मंगळवारी परत रजा, त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. हंगाम ऐन भरात, विवरणपत्रं भरायचं सरकारी पोर्टल तासन्‌तास नुसतं फिरत राहायचं आणि गुलाबराव अकोल्यात. चौथा अर्ज आला तेव्हा मी त्यांना समोर बसवलं.

"संचालकांची सभा तहकूब होऊन राहिली, त्याच्याबिगर वार्षिक सभा घेता येत नाही," ते म्हणाले. "मोठे भाऊ येत नाहीत. कोरम दोनचा. मी एकटाच. मंग कायद्यानं सभा पुढच्या आठवड्यात जाते. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी."

"आणि पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत तर?"

"मंग त्याच्या पुढच्या."

"फोन करून विचारा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोन विषयपत्रिकेत बसत नव्हता.

"आज तारीख काय?" मी विचारलं. पंधरा होती. गुलाबरावांनी वजाबाकी केली नाही. साऱ्या वऱ्हाडाला तीस तारखेचा धाक घालणाऱ्या माणसाची स्वतःची कंपनी चुकणार होती. मला त्यांची दया आली आणि मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. प्रल्हादरावांच्या मुलाचा नंबर फाइलमध्ये होता. तो बँकेत आहे, अमरावतीला येणारच होता. मी त्याला कागद पाठवले, तो वडिलांच्या सह्या घेऊन आला. हजेरीपत्रक, इतिवृत्त, हिशेब, सगळ्यावर नीट सह्या. फाइल मी गुलाबरावांच्या टेबलावर ठेवली. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी पानं उलटली. भावाच्या सहीवरून एकदा बोट फिरवलं.

"सभा कधी झाली?"

"झाली असं समजायचं. आता तुम्ही तेवढी सही करा."

"मॅडम, म्या तुमचं काय वाकडं केलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "याच्यावर सही केली तर संपलं ना. मंग थ्यो कायले येईन? दरसाल कागदच येतीन."

त्यांनी कागद घडी करून खणात टाकले आणि मंगळवारच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. मला वाईट वाटलं. उगाच वाटायचं म्हणून नाही, चांगलंच वाटलं. त्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेले.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. जुन्या कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत ती इमारत होती. खाली आता चहाचं दुकान आहे. एकवीस पायऱ्यांचा अरुंद जिना, वर दारावर गुलाबरावांच्या अक्षरात कंपनीचं पूर्ण नाव. आत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीवर फिकट नारिंगी डाग होते, ते कोणी पुसले नव्हते. गुलाबरावांनी अध्यक्षांची खुर्ची फडक्यानं झटकली, पाण्याचे दोन पेले भरले आणि बरोबर अकराला घड्याळ काढून ठेवलं.

"तवर हे वाचा," त्यांनी इतिवृत्ताची वही माझ्याकडे सरकवली. "तुमी सेक्रेटरी हाय. तुमचा हक्क हाय."

वीस वर्षांची वही होती. प्रत्येक सभेत हिशेबाचा विषय दोन ओळींत आटोपलेला आणि शेवटच्या विषयाला पानं पुरलेली नव्हती. तो विषय दर वेळी तोच: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

"संचालक क्र. १ यांनी संचालक क्र. २ यांच्या साखरेबद्दल विचारणा केली. संचालक क्र. २ यांनी ती आटोक्यात असल्याचे सांगितले. संचालक क्र. १ यांनी यावर अविश्वास व्यक्त केला. चर्चेअंती पुढील सभेपर्यंत भात कमी करण्याचे ठरले. ठराव सर्वानुमते मंजूर."

"संचालक क्र. १ यांच्या पत्नीने पाठवलेल्या कुरड्या सभेपुढे ठेवण्यात आल्या. त्या स्वीकारण्यात आल्या."

"संचालक क्र. २ यांनी सांगितले की बुचे बरोबर लावली होती. अध्यक्षांनी हा विषय मागील सभांत हाताळला गेल्याचे निदर्शनास आणले."

आणि सहा वर्षांपूर्वीची एक नोंद. "संचालक क्र. २ यांच्या पत्नी सुमनताई यांच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव. दोन्ही संचालक उभे राहिले. संचालक क्र. १ यांनी संचालक क्र. २ यांनी आता अमरावतीस एकटे न राहता अकोल्यास राहावयास यावे असे सुचवले. विषय विषयपत्रिकेत नसल्याने विचार होऊ शकला नाही."

मी वही मिटली. चारच्या दोन सभा झाल्या तेव्हाचा तो पेढा मला आठवला. ज्या माणसाला घरी वाट बघणारं कोणी नाही, त्याच्या वर्षातल्या दोन भेटी सरकारनं कमी केल्या होत्या आणि मी पेढे वाटले होते.

साडेअकरा वाजले. गुलाबरावांनी वही पुढे ओढली आणि लिहिलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. पुढील सभा पुढील मंगळवारी, याच वेळी, याच जागी. तारीख तेवीस होती. पुढचा मंगळवार तीसचा. त्यानंतर सभेला काही अर्थ उरणार नव्हता.

"मी चहा सांगून येते," असं म्हणून मी खाली आले.

चहाच्या दुकानातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हातात काठी, बाजूला पिशवी. रस्त्यावर त्यांची ऑटो उभी होती. मी माणसं केवायसीच्या फोटोवरून ओळखते, ती सवय लागली आहे. हे संचालक क्रमांक एक होते.

"प्रल्हादराव?"

त्यांनी मान वर केली. "तुमी सेक्रेटरी बाई ना? वर बसला काय थ्यो?"

"बसलेत."

"गैरहजर लिवलं मले?"

"हो."

"बराबर हाय. कोरम नाही म्हंजे नाही." त्यांनी काठी गुडघ्यावर टेकवली. "दोन महिन्यापासून जिना चढता येत नाही. चार पायऱ्या चढतो अन् थांबतो. मंगळवारी येतो, इथं बसतो. तहकूब झाली का जातो."

"अहो, मग निरोप द्यायचा होता. ते खाली आले असते."

"आला असता. पण बोलला नसता. बोलायले सभा लागते, अन् नोटिशीत जागा वरची हाय."

मी परत वर गेले. काय सांगावं, कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत दार ढकललं, तर गुलाबराव खिडकीशी उभे होते. खिडकीतून खालचा रस्ता आणि ती ऑटो नीट दिसत होती.

"त्यालेही बिनसाखरेचाच दिला ना?" त्यांनी विचारलं. "थ्यो चायवाला इसरते."

मला दोघांचाही राग आला. पाच मंगळवार एक भाऊ वर बसला होता, एक खाली, आणि मधे एकवीस पायऱ्या. पण माझी खात्री होती की या दोघांना रागावून काही होणार नाही. यांना कलमच लागणार. मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला.

"नोंदणीकृत कार्यालय बदलूया," मी म्हटलं. "त्याच गावात बदलायचं तर संचालकांचा ठराव पुरतो. आणि त्याला सभा भरवावी लागत नाही. कागद फिरवून सह्या घेतल्या तरी चालतं. बरोबर?"

"फिरता ठराव," गुलाबराव सावकाश म्हणाले. "चालते. माणूस बसवल्याशिवाय ठराव म्या कधी केला नाही. पण कायद्यात हाय. नवी जागा कोणती?"

"प्रल्हादरावांचं जठारपेठेतलं घर. तळमजला."

त्यांनी पुन्हा एकदा खिडकीतून खाली पाहिलं. मग म्हणाले, "मसुदा लिवा. संचालक क्रमांक एकले दाखवा."

फिरता ठराव असं कायद्यात म्हटलं आहे. फिरायचं कोणी, ते लिहिलेलं नाही. मी मसुदा घेऊन खाली गेले. प्रल्हादरावांनी चष्मा लावून वाचला. "'आजारपणामुळे' हे खोडा. गुडघा हा आजार नोय." मी वर गेले. "मंग कारण काय लिवाचं? इचारा संचालक क्रमांक एकले." मी खाली. "लिवा, प्रशासकीय सोय." मी वर. "कोनाची सोय?" खाली. "कंपनीची." वर जाता जाता मी स्वतःच कंपनीची असं लिहून टाकलं. पाचव्या फेरीला माझे गुडघे बोलायला लागले. शेवटी खाली सही झाली, वर सही झाली आणि गुलाबरावांनी शेजारी वेळ टाकली: दुपारी बारा वाजून दहा मिनिटे.

"आता पुढचा मंगळवार नवीन जागी ना?" प्रल्हादरावांनी ऑटोत बसता बसता मला विचारलं. मग पिशवीतून एक डबा काढला. "हे सभेपुढे ठेवा. कुरड्या हायेत. पाच आठवडे झाले, घेऊन येतो अन् घेऊन जातो."

तीस तारखेला अढाऊ बंधूंची सभा जठारपेठेतल्या घरात, दिवाणखान्यात झाली. दोन्ही संचालक हजर. मी सेक्रेटरी म्हणून बसले. हिशेब मंजूर झाले, शून्य. लगेच त्यांनी वार्षिक सभा उरकली. विवरणपत्र मुदतीत गेलं. अध्यक्ष महोदय आणि संचालक क्रमांक दोन यांनी दीड तास ऐनवेळचे विषय हाताळले आणि मी ते नोंदवत राहिले. बुचांचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा पुढे ढकलण्यात आला.

मग गुलाबराव उठले आणि दाराबाहेर गेले. अमरावतीहून गाडीत मांडीवर घेऊन आलेला रंगाचा डबा त्यांनी उघडला. कार्यालय बदललं म्हणजे नवीन दारावर नाव हवं. कलम बारा. खरं तर अर्जाला जोडायच्या फोटोपुरती एक छापील पाटी मी आणली होती आणि ती दाराला चिकटवली की कायद्याला पुरते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांनी पाटीकडे लक्ष दिलं नाही. फूटपट्टीनं भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आखल्या आणि ब्रश बुडवला. प्रल्हादराव खुर्ची ओढून दारात बसले. वहिनी, म्हणजे प्रल्हादरावांच्या पत्नी, आतून पाणी घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

पहिले दोन शब्द झाले तेव्हा प्रल्हादरावांनी काठीनं भिंतीकडे दाखवलं.

"ढ वाकडा काढला तुनं."

"वाकडा नाही दादा. तुह्या चष्म्यातच वाकडं हाय."

मी लिहायला वही उघडली होती. ती मी बंद केली. यात अध्यक्ष महोदय नव्हते आणि क्रमांकही नव्हते. गुलाबरावांना ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते ब्रश हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"आज एवढंच," ते म्हणाले. "रंग वाळू द्या लागते. बाकीचं पुढच्या मंगळवारी."

या माणसानं गोठ्याच्या कच्च्या भिंतीवर तासाभरात अख्खं नाव लिहून वर बैलांची शिंगं रंगवलेली आहेत. वहिनींनी ताटं घेतली.

याला आता सहा महिने होत आले. जठारपेठेतल्या त्या भिंतीवर अजून 'अढाऊ बंधू' एवढंच लिहिलेलं आहे. त्याखाली पेन्सिलीची रेघ आखलेली आहे, तिच्यावर अजून एकही अक्षर नाही. दर सोमवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर रजेचा अर्ज येतो, कारण: रंगकाम अपूर्ण. मी मंजूर म्हणून सही करते आणि ते कधी पुरं होणार, ती तारीख काही विचारत नाही.